समोर कोण आहे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि तेव्हापासून तीनदा वाचून झालं. मित्राचे वडील अतिदक्षता विभागात आहेत म्हणून कळलं आणि तू हाताला लागला तो टी-शर्ट चढवून धावलास. छातीवर कवटी, खाली ठळक अक्षरात ‘मरेपर्यंत मजा’. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईची नजर सारखी त्या अक्षरांवर जात राहिली आणि शेवटी थोरल्या भावाने तुला जिन्यापाशी नेऊन सुनावलं. आता तू मला विचारतोस, ‘बाई, बाह्या मनगटापर्यंत होत्या, पँट घोट्यापर्यंत. अंगभर कपडे होते. मग शालीन म्हणजे आणखी काय?’

धावत गेलास याचं कौतुक करत बसत नाही. अशा वेळी माणूस जातोच.

पण प्रश्न तू चुकीच्या टोकाने धरलास. तू कापड मोजतोयस. कपडे चढवताना विचारायचं ते एवढंच की समोर कोण आहे? जिथे जायचंय तिथे कोण बसलंय, त्याच्यावर आज काय गुदरलंय, आणि माझ्याकडे बघून त्याला आणखी काही सोसावं लागणार आहे का? त्या माउलीला तुझ्या बाह्यांशी काय देणंघेणं? दाराआड नवऱ्याचा श्वास यंत्रावर चाललाय आणि डोळ्यांपुढे कवटी.

माप कसं फसवं असतं बघ. रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत. आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2007 साली ठरवलं की रुग्णाला हात लावणाऱ्याचे हात कोपरापासून खाली उघडे हवेत. लांब बाह्या नकोत, मनगटी घड्याळ नको. हात मनगटापर्यंत नीट धुता यावेत आणि बाहीचा काठ या खाटेवरून त्या खाटेवर घासत जाऊ नये म्हणून. एकीकडे झाकणं ही अदब, दुसरीकडे उघडं ठेवणं ही काळजी. दोन्हीकडे आधी समोरच्याचा विचार झालाय. अमेरिकेत 1890 च्या दशकात नाटकाला बायका पिसांच्या उंच टोप्या घालून बसत, मागच्याला रंगमंच दिसत नसे. त्यात अंग उघडं पडायचा प्रश्नच नव्हता. मागे कोणीतरी बसलंय, एवढंच त्यांच्या ध्यानात नसायचं.

तुझ्यावर चिडायचा मला फारसा अधिकार नाही, हे सांगूनच टाकते. माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा आठव्या दिवशी मी तिच्याकडे एका लग्नातून परस्पर गेले. अंगावर मोरपिशी जरीची साडी, गळाभर दागिने, केसात गजरा. पाचच मिनिटं तर बसायचंय, घरी जाऊन बदलायचं कशाला, असं म्हटलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी टेकले तर तिने माझा पदर दोन बोटांत धरला, जरीवरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘छान आहे गं.’ टोमणा नव्हता तो. तिला दुसरं काही सुचलं नाही. मला मात्र तिथे धड रडताही येईना, कारण जरा हललं की बांगड्या वाजत होत्या. ती साडी मी पुन्हा नेसलेली नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक साधी सुती शाल असते, बारा महिने. घरचे म्हणतात, एवढं कोण बघतं? बघतात. बघून गप्प बसतात.

आता तुझं दुसरं वाक्य, ‘शरीर माझं, कपडे माझे, बाकीच्यांनी का ठरवायचं?’ अरे, कोण म्हणतंय बाकीच्यांनी ठरवावं? ठरवायचं तूच. म्हणूनच तर तुला विचारायला सांगतेय. दुसऱ्यांनी ठरवलं की काय होतं ते इतिहासात भरपूर आहे. 1922 साली वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनवर पोहायला आलेल्या बायकांच्या गुडघ्यापाशी पोलीस टेप लावून बघत होता, पोहण्याचा पोशाख गुडघ्याच्या सहा इंचांहून वर तर नाही ना. त्याचा फोटोही आहे. आणि आपल्या दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात उलटं. तिथे नाडार जातीच्या बायकांना छाती झाकायच्या हक्कासाठी कित्येक वर्षं मार खाऊन झगडावं लागलं. 1859 साली परवानगी मिळाली तीही वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. एकीकडे झाका म्हणून सक्ती, दुसरीकडे झाकू नका म्हणून. टेप दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हातात.

तो टेप मीही हातात धरलाय. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. तास संपेपर्यंत. काचेतून तिची पाठ दिसत होती आणि मी फळ्यावर लिहीत होते. पुढे वर्षभर तिने मला एकही शंका विचारली नाही, आणि आधी ती सगळ्यांत जास्त विचारायची. मी तिच्या भल्यासाठी केलं, असं मी तेव्हा म्हटलं. तिला बाहेर कोणी काही बोलू नये म्हणून. आजही अर्धं मन तेच म्हणतं, खोटं कशाला बोलू? मला तशीच शिकवण होती आणि माझा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवशी तिच्या पोशाखाचा वर्गात कोणालाही त्रास होत नव्हता. समोर कोण आहे हे मी पाहिलं नाही. समोर एक हुशार मुलगी होती.

म्हणून हा प्रश्न आरशापुढे आपला आपल्याला विचारायचा. रस्त्यावरच्या पोरीला, शेजारणीला, बसमधल्या अनोळखी माणसाला तो लावायचा नाही. आणि त्या थोरल्या भावाशीही वाद घालू नकोस. तो चिडला होता, बरोबरही होता, आणि त्याचा बाप आत होता.

माफीचा लांबलचक मेसेज पाठवू नकोस, ते पुन्हा तुझ्याचबद्दल होईल. उद्या परत जा. तुझा तो फिक्या निळ्या रंगाचा साधा शर्ट आहे ना, तो घाल. उग्र अत्तर मारू नकोस, बंद हवेत रात्रभर जागलेल्याला मळमळतं. आईशेजारी बस आणि त्या जेवल्या का एवढं विचार. डॉक्टरांचा निरोप काय आला ते मला कळव.

तुझ्या,
बाई