बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी

‘सासू-सासरे सांगलीहून आलेत. ह्यांच्या ऑफिसातल्यांनी सगळ्यांना जवळच्या गास्टहाउसात (खाणावळीत) ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे बिअरच्या उत्सवाच्या, जेवणाला बोलावलंय. दोघं शाकाहारी, पण बटाट्याचं सॅलड आणि सावरक्राउट (आंबवलेला कोबी) असतंच, भागेल त्यांचं. मी कपडे कोणते घालू?’ असं जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एक ताई लिहितात.

ताई, त्यांना घरी न ठेवता सोबत नेताय, फार बरं केलंत. पण ‘भागेल त्यांचं’ म्हणून कसं चालेल? नेमके हेच दोन पदार्थ धोक्याचे. तुमच्या बव्हेरिया प्रांतात बटाट्याच्या सॅलडला मेयोनीज नसतं. बटाटे गरम असतानाच त्यांवर बहुधा मांसाचं उकळतं पाणी ओततात, कारण गरम बटाटाच ते शोषून घेतो. सावरक्राउट बहुधा डुकराच्या चरबीत परतून शिजवतात. लाल कोबीचंही तेच. वरचे श्पेकचे (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे) तुकडे वेचून काढले तरी चरबी आत मुरलेलीच असते. ब्रेत्झन या पिळाच्या पावाच्या पिठातसुद्धा कधीकधी चरबी घालतात.

म्हणून दोन दिवस आधी, दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करा. त्या संध्याकाळी बँडच्या दणदणाटात वाढणाऱ्याला ना ऐकू येतं, ना स्वयंपाकघरात काही बदलता येतं. ‘वेगेटारिश (शाकाहारी) आहे का’ एवढ्यावर थांबू नका; श्पेक, श्माल्त्स (चरबी) आणि फ्लाइशब्र्यूए (मांसाचं पाणी) ही तीन नावं घेऊन विचारा. आधी कळलं तर थोडं सॅलड भाज्यांच्या पाण्यात करून देणं अवघड नाही.

अंडं चालत असेल तर केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या अंड्याच्या जाड शेवया, मागवा, पण चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असू शकतं, हे सासूबाईंना आधीच सांगा. ओबात्स्डा हे पावाला लावायचं मिश्रण म्हणजे कामांबेर चीज, लोणी, कांदा, पाप्रिका. त्यात बहुतेकदा थोडी बिअरही असते. निर्धास्त खावा तो राडी, म्हणजे आपला पांढरा मुळा, पातळ चकत्या करून मीठ लावलेला. दहा मिनिटांत पाणी सुटलं की तिखटपणा उतरतो. माझ्या सासूबाई दर वेळी तोच मागतात, सोबत उकडलेले बटाटे आणि लोणी. नवरात्रही बहुधा याच दिवसांत येतं. उपास असेल तर फराळाचा डबा नेण्याची परवानगी त्याच फोनवर घ्या.

कपड्यांचं विचारलंत, तर डिर्न्डल हा तिथला पारंपरिक झगा सक्तीचा नाही, साडी खुशाल नेसा. गाडीचं मात्र ऐका: बिअरचा एक मास (मोठा पेला) म्हणजे पूर्ण लिटर, आणि उत्सवाची फेस्टबिअर साधारण ६ टक्क्यांची. एवढ्यानेच अनेकांचं रक्तातलं दारूचं प्रमाण गाडी चालवण्यासाठीच्या ०.५ प्रोमिलच्या (हजारी अर्ध्या) मर्यादेपलीकडे जातं. तुमच्या ह्यांना ट्रेनने यायला सांगा.