आधी वर्ग भरवा, मग विधेयक मागा

प्रश्न : लातूर जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळावं म्हणून आम्ही काही तरुण सह्या गोळा करतो आहोत. लोकप्रतिनिधी निवेदन घेतात, फोटो काढतात, पुढे काही हलत नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ मिळालं ते कशामुळे? आंदोलनामुळे, की यशवंतरावांची मर्जी होती म्हणून? – एक वाचक, उदगीर

उत्तर : मर्जी होती, पण तिला कारणं होती. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा दणका दिला. यशवंतराव चव्हाणांचं द्वैभाषिक मुंबई राज्याचं सरकार तगलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आमदारांच्या बळावर. १९५३च्या नागपूर करारात मराठवाड्याला विकासात योग्य वाटा देण्याचा शब्द दिलेला होता, आणि १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये, प्रादेशिक विकास मंडळांच्या तरतुदीत, आपल्या भागाचं नाव आलं होतं. आपलं म्हणणं टाळणं त्या सरकारला परवडणारं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढ्यावर विद्यापीठ मात्र मिळालं नसतं. मी अंबाजोगाईत आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायचो की १९५८च्या आधीची दहा वर्षं नीट वाचा. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. तेही निजामाच्या फर्मानाने निघालेलं, आणि शिकवणं उर्दूतून. माझे वडील परभणीच्या शाळेत भूमिती उर्दूतून शिकले. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि पुढे शिकायचं तर हैदराबादची गाडी. बहुतेकांचं शिक्षण तिथेच संपायचं. वडिलांचंही संपलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं आणि दोनच वर्षांत, १९५० साली, औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय उभं राहिलं. तेच आजचं मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघालं. कोणाच्या हाती पैसा नव्हता, कोणताही कायदा पाठीशी नव्हता. शेतकऱ्यांची, दलितांची, छोट्या दुकानदारांची मुलं पहिल्यांदा आपल्या मुलखात पदवीचे वर्ग करू लागली. त्यांच्या परीक्षा मात्र अजून उस्मानियाच्याच होत्या.

म्हणून १९५७ साली सरकारने न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तिच्यासमोर नुसती मागणी नव्हती. महाविद्यालयं होती, विद्यार्थी होते, त्यांना सामावून घेणारी जवळची व्यवस्था नव्हती. समितीने अनुकूल अहवाल दिला, मुंबईच्या विधिमंडळात कायदा झाला. तो ज्या सभागृहाने केला त्यात अहमदाबाद-राजकोटचे आमदारही बसत होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांचं हे विद्यापीठ. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा कारभार आतून पाहिलेला माणूस. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. नव्या संस्थेला पहिली पाच वर्षं भाषण करणाऱ्यापेक्षा परीक्षा वेळेवर घेणारा माणूस लागतो.

इतर ठिकाणीही हेच दिसतं. गोव्याच्या विधानसभेने १९८४ साली विद्यापीठाचा कायदा केला, पण त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत चालू होतं. सोलापूरला २००४ साली विद्यापीठ आलं ते शिवाजी विद्यापीठाच्या तिथल्या पदव्युत्तर केंद्रातून. तुमच्याकडे नांदेडच्या विद्यापीठाचं लातूर उपकेंद्र आहे. तिथे कोणते विभाग चालतात, किती जागा मंजूर आहेत, किती पूर्णवेळ अध्यापक आहेत, ग्रंथालयात काय आहे, हे तुमच्या सह्यांच्या कागदावर आहे का? नसेल तर आधी ते मिळवा. माहितीच्या अधिकारात मिळतं. आणि स्वतंत्र विद्यापीठाची घोषणा देण्याआधी त्या उपकेंद्रात चार नवे विभाग आणि भरलेली पदं मागा. हे मिळणं सोपं आहे, आणि मिळालं की पुढचं नाकारणं सरकारला अवघड जातं.

प्रश्न : आमच्या एका आमदारांनी स्वतःच विद्यापीठाचं विधेयक मांडायची तयारी दाखवली आहे. असं होऊ शकतं का? – तेच वाचक

उत्तर : मांडता येतं. मंत्री नसलेल्या सदस्याच्या अशा विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात. अडचण पुढे आहे. विद्यापीठ म्हणजे राज्याच्या तिजोरीवर खर्च, आणि कलम २०७(३) प्रमाणे असा खर्च ओढवणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून सभागृहाला संमत करता येत नाही. ती शिफारस सरकारच्या मनात असल्याशिवाय येत नाही. तरीही त्यांना मांडू द्या. त्यावर चर्चा होते, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते कार्यवृत्तात कायम राहतं. त्याच्या जोडीला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, विचारायला सांगा : उपकेंद्रातली किती पदं रिक्त आहेत, कधीपासून, कधी भरणार. अशा प्रश्नाला गोलमोल उत्तर देणं कठीण जातं.

आणखी एक. कायदा झाला म्हणजे दिल्लीचा पैसा आला असं नाही. जून १९७२ नंतर स्थापन झालेल्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम १२(ब) खाली पात्र ठरावं लागतं, त्यानंतरच केंद्राचं अनुदान मिळू शकतं. त्यासाठी पुन्हा इमारती, अध्यापक, ग्रंथालय पाहिलं जातं.

प्रश्न : १९७८ साली दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव एकमुखाने केला. मग नाव लागायला १९९४ का उजाडलं? विधिमंडळाच्या ठरावाला काहीच किंमत नाही का? – एक वाचक, परभणी

उत्तर : २७ जुलै १९७८ला ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. त्यात मारले गेलेल्या नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळे यांचं नाव आजही घेतलं जातं, ते घेतलंच पाहिजे. सरकारने अंमलबजावणी थांबवली. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ हे नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, तो मोर्चे, तुरुंग आणि लाँग मार्च यांतून गेलेल्या लोकांमुळे. ज्या माणसाने विद्यापीठाच्याही आठ वर्षं आधी इथे महाविद्यालय काढलं, त्याचं नाव द्यायला इतकी वर्षं लागावीत याचा मला आजही संताप येतो.

ठरावाला किंमत होती. तो झाला नसता तर पुढच्या साडेपंधरा वर्षांत चळवळीला सरकारकडे बोट दाखवून ‘तुम्हीच मान्य केलं आहे’ असं म्हणता आलं नसतं. पण ठराव करताना सभागृहाने आपल्या मतदारसंघांत जाऊन बोलायचं काम केलं नाही. किती आमदार मुंबईहून परतल्यावर गावच्या पारावर उभे राहिले आणि हे नाव का द्यायचं ते समजावून सांगितलं? फार थोडे. उदगीरच्या वाचकांनी हाही भाग वाचावा, कारण उद्या लातूरच्या विद्यापीठात कोणते तालुके येणार आणि कोणते नांदेडकडेच राहणार, यावरून वाद होतीलच. ते बोलणं आत्तापासून, शेजारच्या जिल्ह्यांतल्या मुलांना सोबत घेऊन, सुरू करा.