‘श्लागिंटवाइट’मधला ‘वाइट’ कोण?

एका वाचकाने विचारलं आहे: "नैनसिंग रावत यांच्याविषयी वाचताना कळलं, की तिबेटचा नकाशा करणाऱ्या या पहाडी शिक्षकाने आधी तीन जर्मन भावांच्या हाताखाली काम केलं होतं. त्या भावांचं आडनाव श्लागिंटवाइट. त्यातला शेवटचा ‘वाइट’ म्हणजे पांढरा का? आडनावाचा अर्थ काय? आणि अशा नावाची माणसं जर्मनीत आहेत तरी किती?"

आधी पांढऱ्याचा निकाल लावू. जर्मनमध्ये पांढरा म्हणजे ‘वाइस’. ‘वाइट’ हा निराळा शब्द आहे, अर्थ दूर, लांब, ऐसपैस. इंग्रजीतल्या ‘वाइड’चा तो सख्खा भाऊ. (मराठी ‘वाईट’शी कुणाचंच नातं नाही, हे सांगायला नको, पण सांगून टाकतो.) उच्चार करताना श्लाग्, इन्, ट्, वाइट असे तुकडे पाडावेत आणि जोर पहिल्यावर द्यावा. एका दमात म्हणायला गेलं की जीभ अडखळते. तुकडे पाडले की नाव सोपं होतं आणि अर्थही तिथेच दिसायला लागतो.

‘श्लाग’ हे ‘श्लागन’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. श्लागन म्हणजे मारणे, ठोकणे, हाणणे. ‘इन्’ म्हणजे आत, -मध्ये. मधला एकटा ‘ट्’ हे ‘डी’ या (इंग्रजी ‘द’सारख्या) स्त्रीलिंगी उपपदाचं उरलेलं शेपूट. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या बोलीत ‘इन डी’ असं सावकाश कुणी म्हणत नाही. तिथे नुसतं ‘इन्ड’ होतं आणि लिहिणाऱ्याच्या कानाला ते ‘इन्ट’ ऐकू येतं. शेवटी ‘वाइट’. म्हणजे ‘मार-त्या-दूरवर’ असं आख्खं वाक्य चिकटवून त्याचं आडनाव झालं आहे.

जर्मन नामशास्त्रात अशा आडनावांना ‘झात्सनामन’ म्हणतात, म्हणजे वाक्यनावं. ही जात मध्ययुगाच्या उत्तरार्धात फोफावली आणि बहुतेक नावं मुळात टोपणनावंच आहेत. नमुने मजेदार आहेत. हासनप्फ्लुग म्हणजे नांगराचा तिटकारा. शेतावर अंगचोरपणा करणाऱ्याला चिकटलेलं नाव. ट्रिंकआउस म्हणजे पिऊन संपव. हेबनश्ट्राइट म्हणजे भांडण उकर. ग्रीपनकेर्ल हे उत्तरेकडचं, अर्थ ‘धर त्या गड्याला’, बहुधा शिपायाचं किंवा प्यादाचं. शिंडेवोल्फ वाचून आपल्याला शिंदे आठवतात, पण तिथे अर्थ आहे ‘लांडगा सोल’. चौदाव्या शतकातला ऑस्ट्रियन कवी पेटर झूखनविर्ट, म्हणजे ‘यजमान शोध’. दरबारोदरबारी फिरून पोट भरणाऱ्या कवीला याहून नेमकं नाव मिळालं नसतं. उत्तर समुद्रातला लुटारू क्लाउस श्ट्यॉर्टेबेकर, म्हणजे ‘पेला उपडा कर’, घशात. आणि आपल्या नावाचा अगदी शेजारी म्हणजे स्वित्झर्लंडकडचा श्लागिनहाउफन: ‘हाण त्या घोळक्यात’. हे भाडोत्री सैनिकाला शोभणारं नाव.

हे नक्की आज्ञार्थ आहेत की ‘मी नांगराचा तिटकारा करतो’ अशी प्रथमपुरुषी वाक्यं, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. जुन्या जर्मनमध्ये बऱ्याच क्रियापदांची दोन्ही रूपं सारखीच असल्यामुळे तो मिटत नाही. मला आज्ञार्थ पटतो. टोपणनाव दुसरे ठेवतात, आणि दुसऱ्याच्या तोंडी माणसाला उद्देशून आज्ञाच येते.

आपल्याकडे याच कुळातलं काही आहे का? वाघमारे, डोईफोडे, पोटफोडे ही नावं मनात येतातच. पण बांधणी उलटी आहे. मराठीत नाम आधी, क्रियापद नंतर, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ ‘वाघ मारणारा’ असा कर्त्याचा. जर्मन वाक्यनावांत क्रियापद पुढे येतं आणि कर्त्याचा प्रत्यय लागतच नाही. वाघमारे हा माणूस आहे, शिंडेवोल्फ हा हुकूम आहे. इंग्रजीतलं शेक्सपिअर, इटालियनमधलं बेव्हिलाक्वा (पाणी पी) आणि फ्रेंचमधलं बोआलो (तेही पाणी पी) ही मात्र त्या जर्मन नावांसारखीच बांधलेली आहेत.

आता खरी गाठ. ‘दूरवर मार’ म्हणजे काय? हे उलगडण्याच्या दोन वाटा आहेत आणि वरवर पाहता दोन्हींना आधार आहे.

पहिली वाट रानातून जाते. ‘होल्त्स श्लागन’ म्हणजे लाकूड तोडणे, हा आजही रोजच्या वापरातला प्रयोग आहे. जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जागेला ‘श्लाग’च म्हणतात, आणि किर्शश्लागसारखी गावांची नावं त्यातूनच आली आहेत. शिवाय जुन्या जर्मनमध्ये लाकूड किंवा रान या अर्थाचा ‘विटू’ असा शब्द होता, मधल्या काळात त्याचं ‘विट’ झालं. इंग्रजी ‘वुड’ तोच. मग श्लागिंटवाइट म्हणजे ‘घाल घाव रानात’, लाकूडतोड्याचं नाव. ज्या मुलखातून हे घराणं आलं तो बव्हेरियन अरण्याचा भाग. तिथल्या काचेच्या भट्ट्यांनी शतकानुशतकं जंगल खाल्लं, त्यामुळे कुऱ्हाडवाल्यांना तोटा नव्हता. चित्र इतकं छान जुळतं, की विश्वास ठेवायचा मोह होतो.

पण स्वर आडवे येतात. ‘विटू’मधला इकार ऱ्हस्व होता. बाराव्या शतकापासून बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडच्या जर्मनमध्ये जो बदल झाला, त्यात दीर्घ ईकाराचा ‘आइ’ झाला: ‘मीन’चं ‘माइन’, ‘वीट’चं ‘वाइट’. ऱ्हस्व इकार त्या फेऱ्यात सापडला नाही. याचा जिवंत साक्षीदार हुदहुद पक्षी आहे. त्याचं जर्मन नाव ‘वीडेहोप्फ’, म्हणजे रानात उड्या मारणारा, आणि त्यातला ‘वीडे’ हा तोच जुना ‘विटू’. पुढे इकार लांबला, पण ‘आइ’ झाला नाही. पक्षी जर ‘वाइडेहोप्फ’ झाला नाही, तर त्याच शब्दापासून आडनावात ‘वाइट’ कुठून येणार? म्हणून अक्षरांवर भिस्त ठेवायची तर ‘दूर’वालाच अर्थ घ्यावा लागतो.

‘वाइडे’ म्हणजे कुरण, ते का नको, असंही कुणी विचारेल. त्यावर बव्हेरियन कानाचा उपाय आहे. लिहिताना दोन्हीकडे एकच ‘आइ’ दिसतो, पण बव्हेरियन बोलीत त्यांचे दोन उच्चार आहेत. मुळातल्या जुन्या ‘एइ’चा तिथे ‘ओआ’ होतो, दगडाला ‘श्टाइन’ऐवजी ‘श्टोआ’ म्हणतात. दीर्घ ईकारातून आलेला ‘आइ’ मात्र ‘आइ’च राहतो. परक्याची जीभ तपासायला बव्हेरियन माणूस हमखास जो शब्द म्हणायला लावतो, ‘ओआखकात्सलश्वोआफ’ (खारीचं शेपूट), त्यात हा ‘ओआ’ दोनदा येतो. कुरण जुन्या ‘एइ’च्या गटातलं, बोलीत त्याचं ‘वोआड’ होतं. आपल्या आडनावातला ‘वाइट’ ईकाराच्या गटात बसतो, आणि त्याचा शेवटचा ‘ट’ही कुरणाच्या ‘ड’शी पटत नाही.

तर मग दूरवर मारायचं काय? इथे मराठी माणसाला जर्मन माणसापेक्षा लवकर उमजेल असं वाटतं. आपण धूम ठोकतो, उडी मारतो, गावातून फेरी मारतो. यात कुणाला मार बसत नाही, मारणे-ठोकणे ही गतीची क्रियापदं होतात. ‘श्लागन’चंही तसंच आहे. ‘झिश इन डी ब्युशे श्लागन’, शब्दशः स्वतःला झुडपांत मारणे, म्हणजे हळूच झाडीत पसार होणे. त्या चालीने श्लागिंटवाइट म्हणजे ‘ठोक धूम लांबवर’. एका जागी न टिकणारा, भटक्या पायाचा माणूस. दुसरा अर्थ लांब हात फिरवून वार करणाऱ्याचा, म्हणजे तलवारबाजाचाही निघू शकतो, श्लागिनहाउफनच्या धर्तीवर. माझं मत भटक्याच्या बाजूने आहे, पण कुणी तलवार पुढे केली तर मी भांडणार नाही. कुऱ्हाडीला मात्र हरकत घेईन.

या घराण्यातले तीन भाऊ खरोखरच भटके निघाले, म्हणून नावाचा अर्थ ‘सिद्ध’ झाला असं कृपया म्हणू नका. त्यांचे वडील योझेफ म्युनिकमध्ये डोळ्यांचे डॉक्टर होते आणि एका जागी बसून मोतीबिंदू काढत होते. नाव ठेवलं गेलं ते शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा अनामिकासाठी.

संख्येविषयी. जर्मनीत आडनावांची मोजदाद करायची रूढ पद्धत टेलिफोन डिरेक्टरीची आहे. २००९ ते २०१८ दरम्यान सात खंडांत निघालेला जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह २००५च्या लँडलाइन जोडण्यांवर बेतलेला आहे. त्या याद्यांत निरनिराळी आडनावं साडेआठ लाखांच्या आसपास निघाली. एका टोकाला म्युलर, ज्यांची माणसं सात लाखांच्या घरात आहेत. दुसऱ्या टोकाला अशी नावं, जी देशभरात मोजक्याच घरांच्या दारांवर दिसतात. श्लागिंटवाइट या दुसऱ्या टोकाजवळचं आहे. नाव घडणीने अस्सल बव्हेरियन. डॉक्टर योझेफ यांचा जन्म १७९१ साली बव्हेरियन अरण्यातल्या रेगन गावचा. (‘रेगन’ म्हणजे जर्मनमध्ये पाऊस, पण गावाला नाव नदीवरून मिळालं आहे आणि नदीचं नाव जर्मन भाषेहून जुनं. रोमन लोक तिच्या मुखाशी असलेल्या छावणीला ‘कास्त्रा रेगिना’ म्हणत, तेच आजचं रेगन्सबुर्ग.) संकेतस्थळांवर ‘जगात अमुक इतके श्लागिंटवाइट’ असे अगदी नेमके आकडे दिसतात, ते जोडण्यांना सरासरी कुटुंबाने गुणून काढलेले असतात. म्युलरसाठी ती युक्ती चालते. जिथे मुळात घरंच मोजकी, तिथे एक आजी एकटी राहते की सहा जणांचं खटलं आहे, एवढ्यानेही आकडा डळमळतो.

असं नाव दुर्मीळ का राहतं, याचं कारण सरळ आहे. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. गिरण्या गावोगावी होत्या, म्हणून ते आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. ‘ठोक धूम लांबवर’ हा विनोद मात्र एखाद्याच गावात एखाद्यालाच चिकटला असणार. म्हणजे आजचे सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज असण्याची शक्यता दाट. बव्हेरियात १६७७ साली परवानगीशिवाय आडनाव बदलायला बंदी आली, त्यामुळे नाव गोठलं, पण वाढण्याचा मार्ग एकच उरला: मुलगे. जर्मनीत १९७६पर्यंत लग्नानंतर नवऱ्याचंच नाव चाले, त्यामुळे एका पिढीत नुसत्या मुली झाल्या की ती फांदी संपे. आडनावं अशी विझतात कशी, हे गणित फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८७३ साली जाहीर कोडं म्हणून घातलं आणि हेन्री वॉटसनने पुढच्या वर्षी त्याच्यासोबत ते मांडलं. आज तेच गणित अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेलाही लावतात.

आता त्या भावांकडे, कारण त्यांच्यामुळे या आडनावाला एक जोडनाव मिळालं आणि ते शब्दचर्चेच्या दृष्टीने मूळ नावाइतकंच चविष्ट आहे. हेर्मान, आडोल्फ आणि रोबेर्ट हे तिघे आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या चुंबकीय मोजणीसाठी १८५४च्या ऑक्टोबरात मुंबईला उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासला गेले. पुढच्या वर्षी आडोल्फ आणि रोबेर्ट गढवालात कामेट शिखराच्या अंगावर सुमारे ६,७८५ मीटरपर्यंत चढले. तोवर इतक्या उंचीवर पोचल्याची नोंद कुणाचीच नव्हती. १८५६मध्ये हेर्मान आणि रोबेर्टने तिबेटच्या उत्तरेकडचा कुनलुन पर्वत ओलांडला. तसं करणारे युरोपीयांतले ते पहिले मानले जातात. आडोल्फ १८५७ साली पुन्हा त्या बाजूला गेला आणि काशगरमध्ये (आज हे शहर चीनमध्ये आहे) तिथला सत्ताधारी वली खान याच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. त्याचं नेमकं काय झालं, हे दोनेक वर्षांनी व्यापाऱ्याच्या वेषात तिथे पोचलेल्या चोकन वलिखानोव्ह या कझाक अभ्यासकाने शोधून काढलं.

कुनलुन ओलांडल्याबद्दल हेर्मानच्या आडनावाला शेपटी जोडली गेली: श्लागिंटवाइट-झाक्युन्ल्युन्स्की. जर्मन लिपीत ती ‘स’च्या अक्षराने सुरू होते, पण स्वरापूर्वीचा तो ‘स’ जर्मनमध्ये ‘झाड’मधल्या ‘झ’सारखा म्हणायचा. घडण चक्क रशियन आहे. ‘झा’ म्हणजे पलीकडे, मध्ये पर्वताचं नाव, शेवटी ‘स्की’. ‘कुनलुनपलीकडचा’. रशियात विजयी सेनापतींना असं जोडनाव देण्याची रीतच होती: डॅन्यूब ओलांडून लढलेला रुम्यांत्सेव ‘झादुनाइस्की’ झाला, १८२९ साली बाल्कन पर्वत ओलांडणारा डीबिच ‘झाबाल्कान्स्की’. आपल्याकडच्या ‘-कर’शी याची गफलत करू नये. ‘-कर’ माणसाला गावाशी बांधतो, हा ‘झा-’ माणसाने काय ओलांडलं ते सांगतो.

एक व्यवहाराची गोष्ट. ग्रंथालयाच्या यादीत हेर्मान कधी नुसत्या मूळ आडनावाखाली, कधी ‘फॉन’ लावून, तर कधी जोडनावासकट सापडतो. धाकटा एमिल, ज्याने तिबेटमधल्या बौद्ध धर्मावर १८६३ साली इंग्रजीत पुस्तक काढलं, तो मात्र साध्या श्लागिंटवाइटखालीच मिळतो. शेपटी एकट्या हेर्मानची.