कुलूप बदलण्याआधी

प्रश्न : ताई, नाव छापू नये. मी ३९ वर्षांची, पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. २०१५ पासून आम्ही दोघं एकत्र राहतो. तेव्हा त्याच्या घटस्फोटाची केस चालू होती, २०१८ मध्ये निकाल लागला. पुढे ‘आता कशाला’ म्हणत लग्न राहूनच गेलं. २०१९ मध्ये फ्लॅट घेतला, करारनामा त्याच्या आणि त्याच्या आईच्या नावावर. निम्मा हप्ता म्हणून दरमहा १८,००० रुपये मी त्याच्या खात्यात टाकत आले. किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, इन्व्हर्टर माझ्या पैशांतून. गॅस माझ्या नावावर. सोसायटीत सगळे मला वहिनी म्हणतात. दिवाळीपासून बिनसलंय. दोनदा अंगावर धावून आला, एकदा मनगट पिरगळलं. आता म्हणतो, महिनाअखेर निघ, आईला इथे राहायला यायचंय. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून सांगितलं की एक तारखेनंतर वॉचमन तुम्हाला आत सोडणार नाही. मैत्रीण म्हणते, इतकी वर्षं झाली म्हणजे कायद्याने तू बायकोच. हे खरं का? की आत्ताच भावाकडे निघून जाऊ?

उत्तर : भावाकडे जाऊ नका. जिवाला धोका वाटला तर मात्र क्षणभरही थांबू नका, ११२ ला फोन करा, बाहेर पडा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. बाहेर पडलात म्हणून हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या प्रभा त्यागी निकालात स्पष्ट केलं आहे. पण आत असलेल्या बाईला बाहेर काढू नका असा हुकूम मिळवणं आणि बाहेर पडलेल्या बाईला आत घ्या असा हुकूम मिळवणं, यात माझ्या अनुभवाने कित्येक महिन्यांचं अंतर असतं. रागाच्या भरात एक बॅग घेऊन निघालेल्या आणि मग त्याच घराच्या दारासाठी वर्षभर तारखा घेत बसलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की हे आधी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मैत्रिणीचं म्हणणं चूक आहे. अमुक वर्षं एकत्र राहिलं की आपोआप लग्न होतं, असा कायदा आपल्याकडे नाही. पाच वर्षं, सात वर्षं हे आकडे लोक छातीठोकपणे सांगतात, पण कुठल्याही कलमात ते नाहीत. फार दीर्घ काळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालेलं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९७८ च्या बद्रीप्रसाद निकालातलं जोडपं सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहत होतं. तुम्ही तर स्वतःच लिहिता की लग्न केलं नाही. तेव्हा तो रस्ता सोडा.

तुमच्या उपयोगाचा आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्यात लग्नाच्या बायकोबरोबरच ‘विवाहाच्या स्वरूपाच्या’ नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. असं नातं कशाला म्हणायचं, हे २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितलं आहे. दोघं कायद्याने लग्नाच्या वयाचे हवेत, समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत आणि दोघंही लग्नाला मोकळे हवेत. तुमच्या बाबतीत काटा रुततो तो या शेवटच्या अटीत. २०१५ ते २०१८ तो कायद्याने दुसऱ्या कुणाचा तरी नवरा होता. २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात समोरचा पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही नातं ठेवलेल्या बाईला हे संरक्षण मिळालं नव्हतं, आणि ते नातं तर बरीच वर्षं चाललं होतं. म्हणून अर्जात २०१५ चा पसारा मांडत बसू नका. पहिली तीन वर्षं लपवायचीही नाहीत, कारण उलटतपासणीत ती निघणारच. पण भर द्यायचा तो घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरच्या काळावर. त्या हुकूमनाम्याची प्रत मिळवा. तुमच्या सगळ्या कागदांत तिचं मोल सर्वांत जास्त आहे, आणि नेमकी तीच कुणी जपून ठेवत नाही.

आता घराबद्दल. फ्लॅट तुमच्या नावावर नाही, आणि या कायद्याने तो होणारही नाही. मिळतो तो राहण्याचा हक्क. कलम १७ म्हणतं की स्त्रीला सामाईक घरात, म्हणजे दोघं एकत्र राहिले त्या घरात, राहण्याचा हक्क आहे, मग घरात तिचा मालकी हिस्सा असो वा नसो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला तिथून काढता येत नाही. आणि गंमत बघा (तुम्हाला ती आज गंमत वाटणार नाही), याच कायद्याने केलेल्या आर्थिक छळाच्या व्याख्येत सामाईक घराचा वापर करू न देणं हेही येतं. म्हणजे मनगट पिरगळलं त्याचा वैद्यकीय कागद तुमच्याकडे नसला, तरी ‘महिनाअखेर निघ’ आणि वॉचमनची धमकी हीसुद्धा तक्रारच आहे. त्याचे मेसेज पुसू नका.

आईचं नाव करारात आहे म्हणून तो निर्धास्त असेल. २००६ च्या एस. आर. बत्रा निकालाचा आधार घेऊन ‘घर सासूचं, तुझा काय संबंध’ हे चौदा वर्षं चाललं. २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालाने तो आधार काढून घेतला. घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर असू शकतं. त्याच वर्षी एस. वनिता निकालात न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करूनही स्त्रीचा हा हक्क परस्पर मोडता येत नाही. तेव्हा आईने त्या कायद्याखाली अर्ज केला आणि प्रांत कार्यालयाची नोटीस आली तर घाबरून घर सोडू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. मात्र आईलाही हक्क आहेत. ती दिवाणी दावा लावू शकते, आणि न्यायालय तुम्हाला त्या घराऐवजी तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला त्याला सांगू शकतं. खरं सांगू? नातं असं तुटल्यावर पुष्कळदा हाच निकाल राहण्याजोगा असतो. त्याला कमीपणा मानू नका.

सेक्रेटरी म्हणजे न्यायालय नव्हे. त्यांना आजच एक पत्र द्या की मी या सदनिकेत २०१९ पासून राहते, हुकमाशिवाय मला अडवल्यास त्याची जबाबदारी तुमची. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. जिन्यात मोठ्याने बोलणारे सेक्रेटरी सही करायच्या वेळी फार मवाळ होतात.

एक तारखेची वाट न बघता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज करा. त्यासोबत कलम २३ खाली, त्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम मनाई द्यावी अशी विनंती प्रतिज्ञापत्रावर करा. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याची मदत घ्या, पण त्यांचा अहवाल आला नाही म्हणून अर्ज अडत नाही. कायदा साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करायला सांगतो; त्यावर विसंबून सामानाची बांधाबांध किंवा सोडासोड करू नका, सगळा भर अंतरिम हुकमावर ठेवा. त्यातला संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पोलिसांनी ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून हात झटकायची सोय राहत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हप्त्याच्या पैशांबद्दल मात्र मला तुमची निराशा करावी लागणार. आपल्या पैशांनी दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घ्यायला बंदी घालणारा बेनामी व्यवहार कायदा जोडीदाराच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला सूट देतो, पण तो जोडीदार लग्नाचा हवा. ‘पैसे माझे, नाव त्याचं, म्हणून अर्धं घर माझं’ हा दावा तुमच्या तोंडी सहज उलटतो. घर न मागता रक्कम मागण्याचा विचार करा, आणि लवकर करा, कारण पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, जुने हप्ते आधीच हातचे गेलेले असतील. बँक स्टेटमेंट काढा. पाठवताना शेऱ्यात ‘ईएमआय’ लिहिलं असेल तर फार बरं. अकाउंट्सवाल्या आहात, लिहिलं असेल अशी आशा करते. ट्रॉल्या, कपाटं, इन्व्हर्टर यांची बिलं शोधा. आपल्या वस्तू परत मिळण्याचा हुकूम कलम १२ च्याच अर्जात मागता येतो.

प्रश्न : माझं उलटं आहे. फ्लॅट माझा, एकटीच्या कर्जाचा. चार वर्षं सोबत राहिलेला माणूस आता निघायला तयार नाही. म्हणतो, माझं आधार कार्ड याच पत्त्यावर आहे. तो ऑफिसला गेला की कुलूप बदलू का? (नाशिक)

उत्तर : बदलू नका, निदान या आठवड्यात तरी. आधारवरच्या पत्त्याने घरात काडीचाही हक्क येत नाही आणि राहण्याचा तो कलम १७ चा हक्क पुरुषाला नाही. तो तुमच्या परवानगीने राहत होता, ती परवानगी वकिलाच्या नोटिशीने काढून घ्या आणि निघायला पंधरा-वीस दिवस द्या. परस्पर बाहेर काढलंत तर तो विशिष्ट सहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागत येऊ शकतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हे बघतच नाहीत, फक्त ताबा कुणाचा होता ते बघतात. पाहुण्याला कसला ताबा, असं तुमचा वकील म्हणेल, आणि बहुधा जिंकेलही, पण हा खर्च हवाय कशाला?

तो मारहाण, शिवीगाळ करत असेल तर गोष्ट वेगळी. मग पहिल्या पत्रातलाच कायदा तुम्हालाही लागू पडू शकतो आणि त्याने घर सोडावं असा हुकूम कलम १९ खाली मागता येतो. मारहाण नसेल तर ती रचू नका. नोटीस संपूनही तो हलला नाही तर सरळ दिवाणी दावा लावा. आणि तो गेला की त्याच दिवशी, त्याच्यासमोर, राहिलेल्या सामानाची यादी करून त्याची सही घ्या. कुलूपवाल्याला त्यानंतर बोलवा.