दोन बिलांवरून खर्चाचं रेषीय समीकरण कसं मांडायचं?

तुमच्याकडे पुस्तिका छपाईची दोन बिलं आहेत: २०० प्रतींचं ५,४०० आणि ५०० प्रतींचं ९,०००. ३५० प्रतींना किती लागतील हे काढायचंय, पण एका प्रतीला २७ धरून हिशेब जुळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

तो जुळणारच नाही. ५,४०० ला २०० ने भागून आलेले २७ ही सरासरी आहे. प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्चही त्यात मिसळलाय, आणि तो शंभर प्रती छापा नाहीतर हजार, तेवढाच राहतो. २७ च्या दराने ५०० प्रतींचे १३,५०० होतात, म्हणजे खऱ्या बिलापेक्षा ४,५०० जास्त.

म्हणून भागाकार नंतर, आधी वजाबाकी. प्रती ३०० ने वाढल्या, खर्च ३,६०० ने वाढला. म्हणजे वाढीव प्रत १२ ला पडते. हा रेषेचा चढ. आता २०० प्रतींचे १२ प्रमाणे २,४०० झाले. ५,४०० मधून ते काढले की उरतात ३,०००, तो स्थिर खर्च.

ख म्हणजे एकूण खर्च आणि क्ष म्हणजे प्रतींची संख्या धरली, तर:

ख = ३००० + १२क्ष

क्ष = ३५० घातलं की ७,२००. ताळा म्हणून ५०० घालून बघा, ९,००० यायलाच हवेत.

आता खरी मेख. कुठल्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा जातेच, खर्च रेषीय असो वा नसो. त्यामुळे तिसरा आकडा मिळवाच. ३५० चा प्रत्यक्ष खर्च ७,२०० च्या जवळपास असेल तर समीकरण वापरा. बराच फरक पडला, तर मधे कुठेतरी दर बदलतोय. आणि २०० ते ५०० च्या फार बाहेर हे समीकरण ताणू नका; २० प्रतींना किमान ऑर्डरची अट आडवी येते, १०,००० ना कागदाचा दरच वेगळा लागतो.

बिलं निवडताना प्रतींच्या संख्येत चांगलं अंतर ठेवा. २०० आणि २१० ची बिलं घेतलीत आणि २१० च्या बिलात ३० चा फरक असला (राउंड केल्यामुळे, समजा), तर चढ ३ ने चुकतो आणि स्थिर खर्च तब्बल ६०० ने. तेवढाच फरक ५०० च्या बिलात असता तर चढ फक्त ०.१ ने चुकला असता, स्थिर खर्च २० ने.

कधी कधी स्थिर खर्च ऋण येतो. लोक तिथे गणित चुकलं समजून सोडून देतात, पण ती उपयोगी खूण आहे. समजा पहिल्या १०० युनिटना ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ७ असा टप्प्यांचा दर आहे. १०० च्या पुढे खर्च ४०० + ७(क्ष − १००), म्हणजेच ७क्ष − ३००. हे ऋण ३०० कुणी परत देत नाही. ही रेषा १०० च्या अलीकडे लागू नाही एवढंच ते सांगतं. अशा वेळी प्रत्येक टप्प्याला वेगळं समीकरण लिहा आणि शेजारी क्ष ची मर्यादाही लिहा. मर्यादा न लिहिल्यामुळे होणाऱ्या चुका मला सगळ्यात जास्त दिसतात.

दोन पर्यायांची तुलनाही यातूनच होते. डिजिटल छपाईला स्थिर खर्च नाही पण प्रतीला २० पडतात, असं धरू. २०क्ष = ३००० + १२क्ष सोडवलं की क्ष = ३७५. त्याखाली डिजिटल स्वस्त, त्यावर तुमचा छापखाना. तुमच्या ३५० ना डिजिटलचे ७,००० होतील, म्हणजे २०० वाचतात.

दोन्हीकडे करासकट रक्कम धरा. १० टक्के कर एकूण बिलावर लागत असेल तर तो १२ आणि ३,००० या दोन्हींना लागतो: ३३०० + १३.२क्ष. फक्त प्रतीचा दर वाढवलात तर प्रत्येक बिलात ३०० कमी पडतील.