वाचकांचे प्रश्न : बिल्डची शिस्त कोणासाठी?

प्रश्न : आम्ही चाळीसगावचे पाच मित्र अहिराणी शब्दकोशासाठी सी++ भाषेत एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहीत आहोत. बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्यासाठी, सीमेक हे साधन वापरतो. कोड स्वच्छ राहावा म्हणून कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रत्येक वॉर्निंगला, म्हणजे इशाऱ्याला, बिल्ड थांबवणारी एरर मानणारा ‘डब्ल्यू-एरर’ हा पर्याय आम्ही प्रकल्पाच्या मुख्य फाइलीतच लिहून ठेवला. नंदुरबारच्या एका शिक्षकांनी नव्या संगणकावर कोड उतरवून घेतला, तर त्यांच्याकडे बिल्ड मध्येच थांबतो; आमच्याकडे मात्र काहीच अडत नाही. आता हा पर्याय काढून टाकावा का?
– एक वाचक, चाळीसगाव (जि. जळगाव)

उत्तर : काढावा, पण केवळ मुख्य फाइलीतून. त्या शिक्षकांचा कंपायलर बहुधा आपल्यापेक्षा नवा असावा. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरच्या नव्या आवृत्त्यांत नव्या वॉर्निंग येत राहतात, त्यामुळे एक ओळही न बदललेला आपला कोड ‘डब्ल्यू-एरर’मुळे दुसऱ्याच्या संगणकावर अचानक नापास होतो, आणि ज्याला फक्त शब्दकोश वापरायचा आहे त्याच्या माथी आपल्या घरातली साफसफाई येते. लिनक्स कर्नेलनेही, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेही, हे अनुभवले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हा पर्याय सर्व बिल्डसाठी चालू केला आणि तक्रारी येताच काही दिवसांतच त्याची व्याप्ती चाचणीच्या बिल्डपुरती मर्यादित केली.

म्हणून वॉर्निंग सर्वांना दिसू द्याव्यात, पण बिल्ड अडवण्याचा अधिकार आपल्या स्वयंचलित तपासणीच्या (प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप बिल्ड करून पाहणाऱ्या) सर्व्हरलाच द्यावा, आणि तेथे कंपायलरची आवृत्ती ठरवून बांधून ठेवावी. सर्वांत नव्या कंपायलरची दुसरी तपासणी शेजारी चालवावी. ती नापास झाली तरी कोणाचे काम अडू नये, केवळ आपल्याला आगाऊ सूचना मिळावी. सीमेकच्या ३.२४ या आवृत्तीपासून वॉर्निंगला एरर मानण्यासाठी स्वतंत्र व्हेरिएबल (बाहेरून मूल्य देता येणारी सेटिंग) आहे. ते फाइलीत न लिहिता सर्व्हरवरील आज्ञेतून द्यावे. कंपायलरचा पर्याय आपण हाताने लिहिला असेल, तर सीमेककडून तो बंद करता येत नाही, ही आपली खरी अडचण आहे.

सगळ्याच वॉर्निंग सारख्या मोलाच्या नसतात. मूल्य परत करायचे असूनही फंक्शन काहीच परत करत नसेल, तर सी++ मध्ये प्रोग्राम कसाही वागू शकतो; एवढी एक वॉर्निंग सर्वत्र एरर केली तरी माझी हरकत नाही. उलट, एखाद्या लायब्ररीने जुने फंक्शन कालबाह्य ठरवल्याची वॉर्निंग सर्व्हरवरही एरर करू नये, कारण ते वेळापत्रक आपल्या हाती नसते. नेहमीच्या वॉर्निंगचा ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय जरूर चालू ठेवा, मात्र नावात ‘ऑल’ असूनही त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत. (हे नाव ठेवणाऱ्याला दंड करायला हवा होता.) आणखी काही वॉर्निंग देणारा ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ त्यानंतर जोडा. संख्यांच्या रूपांतराची वॉर्निंग मात्र जुन्या कोडवर एकदम लावली तर ढीग साचतो आणि त्या ढिगाकडे पुढे कोणी पाहत नाही. तेव्हा एकेक फोल्डर साफ करत जावे.

त्या शिक्षकांना तूर्त मुख्य फाइलीतली ‘डब्ल्यू-एरर’ची ओळ खोडून बिल्ड करायला सांगा, आणि त्यांच्याकडून कंपायलरची आवृत्ती व वॉर्निंगचा पूर्ण मजकूर मागवून घ्या. नव्या कंपायलरने आपल्या कोडमधली खरीच चूक पकडली असण्याचीही शक्यता आहे.