आकड्याआधी नमुना पाहावा

तुम्ही जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झाला आहात, म्हणून यंत्राच्या आकड्याआधी नमुना पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी सुचवेन. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे द्रव्य) नळीत खुणेपर्यंतच रक्त भरून ती लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी; जोरात हलवल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि हयगय केल्यास गुठळी होते.

राजारामपुरीतून आलेल्या एका लॅब्रेडॉरच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यंत्राने 38,000 दाखवल्या. कुत्र्यात त्या साधारणपणे 2 ते 5 लाख असतात, त्यामुळे गोचीडताप असणारच असे समजून मी अहवाल तसाच पुढे दिला. डॉक्टरांनी रक्ताची स्लाइड मागितली, तेव्हा तिच्या निमुळत्या कडेला प्लेटलेट्सचे पुंजके दिसले; पुंजक्यांतल्या प्लेटलेट्स यंत्राने मोजल्याच नव्हत्या, आणि माझी मान खाली गेली. मांजरांमध्ये तर हे पुंजके नेहमीचेच.

मात्र पावसाळ्याच्या आगेमागे गोचिडांनी भरलेली, पिवळसर हिरड्यांची कुत्री आपल्याकडे येतात, तेव्हा बेबेसिया (गोचिडांमुळे पसरणारा, तांबड्या पेशींतला परजीवी) शोधण्यासाठी कानाच्या टोकाला टोचून आलेल्या पहिल्या थेंबाचीही स्लाइड करावी, कारण परजीवी असलेल्या पेशी केशवाहिन्यांत अडकून राहतात. एक स्लाइड स्वच्छ निघाली म्हणून आजार नाही, असे मात्र लिहू नये.

भेदरलेल्या मांजराची रक्तशर्करा मधुमेहाशिवायही वाढते. अशा वेळी लघवीतील साखरही तपासावी. स्लाइड फ्रीजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच तिच्यावर दव धरते.